दाराला बाहेरून कुलूप

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावोगाव पेढे वाटले म्हणतात. माझ्या वाट्याला त्यातला एकही पेढा आला नाही. माझ्या वाट्याला पाहुणे आले.

आमच्या ह्यांची बदली अहमदपूरच्या तहसिलीतून नव्या कलेक्टर कचेरीत झाली होती. पद कारकुनाचं, टेबल आवक-जावकचं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, वहीत चढवायचा आणि गेलेल्या कागदाचंही तेच करायचं. यापलीकडे ह्यांच्या हातात काहीही नव्हतं. स्वतःची रजा मंजूर करून घ्यायलाही ह्यांना दोन-दोन अर्ज द्यावे लागत. पण हे ह्यांच्या गावाला कोण सांगणार? अहमदपूरजवळच्या त्या गावात असा समज होता की कलेक्टरसाहेब सही करण्याआधी एकदा ह्यांच्या तोंडाकडे बघतात. हा समज पसरवला कुणी, ते मला माहीत आहे. पण नवऱ्याबद्दल किती लिहायचं यालाही मर्यादा असते.

पूर्वी त्या लोकांना प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठावं लागे. लांबचा पल्ला, म्हणून निम्मी कामं ते सोडूनच देत. आता जिल्हा हाताशी आला, तशी सोडून दिलेली सगळी कामं त्यांना आठवली. जमिनीची तक्रार, जातीचा दाखला, रोजगार हमीचं काम गावाजवळ काढा म्हणून अर्ज. पहिल्या एसटीनं निघालेला माणूस कचेरी उघडायच्या दोन तास आधी लातुरात उतरायचा. ते दोन तास कुठं काढायचे? आमच्या ओट्यावर. हे गावी गेले की प्रत्येकाला पत्ता नीट समजावून येत. गंजगोलाईच्या मागची गल्ली, दारात कडुलिंब, कुणालाही विचारा.

आणि हे सगळं कधी, तर दोन पावसाळे कोरडे गेलेले असताना. ह्यांच्या वाटणीच्या शेतातून एरवी वर्षाची ज्वारी यायची, ती बंद झाली. सगळं विकतचं. नळ चार दिवसांआड यायचा, तोही गुळणी टाकल्यासारखा. अशा दिवसांत लग्नाला दोन वर्षं झालेल्या बाईनं घर कसं चालवायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपलं आपण शिकले. साखर बंद करून चहात गूळ आणला. आमटी येसराची करायची, येसर म्हणजे मसाला घालून दळलेलं पीठ, चिमूटभर टाकलं तरी पातेलंभर पाण्याला रंग येतो. साबणाच्या उरलेल्या चिपा एकमेकींना चिकटवून नवा साबण करायचा. स्टोव्हची वात इतकी खाली ठेवायची की वरण शिजायच्या आधी आपणच शिजून जाऊ. फोडणीचं तेल पळीनं नाही, पळीच्या पाठीनं घालायचं. हे शेवटचं कुणाला खोटं वाटेल, पण करून बघा, जमतं.

ह्यांचाही हातभार होता बरं का. कचेरीत येणाऱ्या पेपरात बायकांसाठी एक पान असायचं, ते हे वाचून येत आणि संध्याकाळी मला काटकसरीचे उपाय ऐकवत. केसाला तेल आठवड्यातून एकदाच लावावं. पावडरीची गरज नसते, चेहरा मुळात चांगला असावा लागतो. दूध बंद करून पाहावं. असे सगळे उपाय माझ्याच अंगावर पडणारे. ह्यांचं जेवणानंतरचं पान मात्र काटकसरीत येत नव्हतं, कारण ते कचेरीसमोरच्या टपरीवर खाल्लं जायचं आणि जे घरात खाल्लं जात नाही तो घरखर्च नव्हे. एवढा हिशेबी माणूस दारात पाहुणा दिसला की काय म्हणायचा? "या, या. चहा टाक गं. जेवूनच जा."

पाहुणा "न्हाई, जेवूनच निघालो" म्हणायचा. कोंबडं आरवायच्या वेळी घर सोडलेला माणूस काय जेवून निघणार? हे आग्रह करायचे, तो नको म्हणायचा, हे हाताला धरून बसवायचे आणि मी आत परातीत पीठ घ्यायची. एकदा बसला की तीन भाकरी. त्यांचा राग नव्हता मला. गावाकडे त्यांच्या चुली कशा जळत होत्या ते मला दिसत होतं. राग ह्यांचा होता. महिनाभराचं म्हणून दळून आणलेलं पीठ निम्म्या महिन्यात तळ दाखवायचं, आणि मी ओरडले की हे म्हणायचे, "माझीच माणसं हायत ती. उपाशी पाठवू का?"

"तुमची माणसं," मी म्हणायची. माझं दुखणं तिथं होतं. माझं माहेर भोकरचं. भोकरच्या माणसाचं काम नांदेडला, त्याला लातूरशी काय देणंघेणं? दोन वर्षांत माझ्या माहेरचं कुत्रंही या ओट्यावर बसलं नव्हतं. आई माझ्या लग्नाआधीच गेली. वडलांना, आबांना, मी प्रत्येक पत्रात लिहायची की एकदा माझं घर बघून जा. ते पोस्टकार्डावर खुशाली कळवायचे आणि यायच्या जागी लिहायचे, काम निघालं की येतो. ओट्यावर कुणाच्या वहाणा वाजल्या की दर वेळी मला वाटायचं आबा असतील. दर वेळी अहमदपूरची एसटी निघायची.

हे बोलून दाखवलं की ह्यांना चेष्टा सुचायची. आमच्यात जुनी रीत होती, लेकीच्या घरात नातवंड खेळेपर्यंत बापानं तिथलं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे म्हणायचे, "तुझे आबा आले तर बरंच हाय की. असा पाहुणा रोज आला तरी परवडंल." मला ह्यांच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटायचं.

शेवटी मीच उपाय काढला. कुणी शिकवला नाही, कुठल्या पेपरात नव्हता, माझ्याच डोक्यातला. सकाळी गावचे लोक यायच्या आधी ह्यांनी घरातून निघायचं आणि जाताना समोरच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं. मी आत. मागच्या बाजूला मोरीचं दार होतं, ते शेजारच्या काकूंच्या परसात उघडायचं, तिथून मी पाण्याला जाणार-येणार. पाहुणा आला, कुलूप बघितलं, परत गेला. ह्यांनी दोन दिवस नाही-नाही केलं. कचेरीतला माणूस बायकोला कोंडून जातो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांनी काहीही म्हणावं, लोक जेवायला आले नाहीत म्हणजे झालं.

शेजारच्या काकू उदगीरकडच्या, किराणा दुकानदाराच्या घरच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मला ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. त्यांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचं, ती माहेरी गेलीय. ह्यांनाही तेच पाठ करून दिलं होतं, कारण पाहुणे ओट्यावरून उठले की थेट कचेरीत ह्यांच्या टेबलाशी जायचे.

आणि काय सांगू, उपाय लागू पडला. पीठ महिनाभर पुरायला लागलं. ह्यांची तर चंगळच झाली. बायको माहेरी गेलेल्या माणसाची कीव येऊन गावचे लोक ह्यांनाच टपरीवर चहा पाजायला लागले. संध्याकाळी कुलूप काढून हे आत यायचे ते तोंड पुसतच. मी आत दिवसभर कोंडलेली. खिडकी बंद, रेडिओ बंद, भांडं वाजवायचं नाही, खोकायचं नाही. आवाज नको म्हणून सकाळी स्टोव्हही पेटवायची नाही. त्यात रॉकेलही वाचलं. मी माझ्याच घरात चोरासारखी राहत होते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता, हे आज आठवलं की कानशिलं तापतात.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. बाई महिना-महिना माहेरी राहते, याचा गावाकडे एकच अर्थ होतो. ह्यांच्या गावात माझं बाळंतपण सुरूसुद्धा झालं होतं. ह्यांना लोक विचारायचे, कितवा लागला? हे लाजून हसायचे. नाही म्हटलं असतं तर कुलपाचं बिंग फुटलं असतं. घरी येऊन ह्यांनी मला याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

तो दिवस नळाचा होता. पहाटे पाणी भरून झालं होतं, आदल्या संध्याकाळी दळण आणलेलं होतं, पिठाचा डबा काठोकाठ भरला होता. हे कुलूप लावून गेले. ऊन चढता-चढता ओट्यावर कुणीतरी आलं. कुलूप हातात घेऊन बघितल्याचा आवाज आला. मग पावलं काकूंच्या दाराकडे गेली, तिकडे काहीतरी बोलणं झालं, आणि पावलं परत आमच्याच ओट्यावर येऊन थांबली. दाराच्या फटीतून मी एक डोळा लावला. धुळीनं भरलेल्या वहाणा आणि मळकट धोतराचा काठ, एवढंच दिसलं. ह्यांच्या गावचे सगळेच वहाणा आणि सगळेच धोतर. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या डब्याला पाठ टेकून बसले.

हा मेला उठेना. बाकीचे थोडं टेकून कचेरीकडे निघायचे, हा बसूनच राहिला. मला तहान लागली, माठ बाहेरच्या खोलीत. पाय अवघडले. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या काढल्या. काम असेल तर कचेरीत जा ना बाबा, इथं कशाला ठाण मांडतोस? बसा, म्हटलं, किती बसता ते मीही बघते. या डब्याला हात लावू देणार नाही. तेवढ्यात नाकात धूळ गेली. पदर तोंडात कोंबला तरी शिंक आलीच. माझी शिंक कधी एकटी येत नाही. एकामागे एक तीन. तिसरी झाल्यावर मी श्वास धरून बसले. बाहेर काही हललं नाही. मग बऱ्याच वेळानं वहाणा उचलल्याचा आवाज आला आणि पावलं गल्लीतून निघून गेली.

गेला एकदाचा, म्हणून मी पाणी प्यायले. गंमत म्हणजे मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा मोरीच्या दारानं काकू आत आल्या. हातात कापडी पिशवी आणि चिंचेचं एक गाठोडं. त्यांचा चेहरा बघून मी उठून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "तंगी, सकाळी आलेला म्हातारा आता परत आला होता. मी त्याला सकाळी सांगितलं गं, तू माहेरी गेलीस म्हणून. तेव्हा तो नुसता बरं म्हणाला. आता ही पिशवी दिली आणि म्हणाला, माझी लेक माहेराहून आली की तिला द्या."

पिशवीत ज्वारीचं पीठ होतं. गिरणीतून नुकतंच निघालेलं, हाताला कोमट लागत होतं.

मागच्या दारानं काकूंच्या परसातून मी तशीच धावत सुटले. पायात चप्पल नव्हती. एसटी स्टँडवर पोचले तेव्हा नांदेडची गाडी सुटून गेली होती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं पुढची गाडी कितीची ते सांगितलं. मला पुढच्या गाडीचं काय करायचं होतं?

संध्याकाळी हे आले. मी ह्यांना काय-काय बोलले ते लिहीत नाही. कुलूप माझं होतं, डोकं माझं होतं, तरी बोलले. बोलायला दुसरं होतंच कोण? हे एकदाच म्हणाले की कल्पना तुझीच होती. चिंचेचं गाठोडं कशासाठी ते तेव्हा ह्यांनी कबूल केलं, गावभर मला दिवस गेल्याची बातमी होती. दोन वर्षं ज्या माणसाची वाट बघितली, तो दारात येऊन बसला होता, आणि मी त्याच्यापासून पीठ राखत होते. तेही अशा माणसापासून, जो माझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नव्हता.

मी आबांना अंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात खोटं लिहिलं. आम्ही सासरच्या गावी गेलो होतो, शेजारणीचा घोटाळा झाला, पीठ मिळालं, पुन्हा नक्की या. खरं लिहायला चार वेळा बसले आणि चारही वेळा शाई वाळली. आबांचं उत्तर आलं, पत्र पोचलं, तब्येत जपणे. कुलपाबद्दल एक शब्द नाही. कुलूप मी त्याच आठवड्यात पेटीत टाकलं. पुढं पाहुणे आले, जेवले, डब्यानं निम्म्या महिन्यात तळ दाखवला, मी पुन्हा ह्यांच्यावर ओरडले. सगळं होतं तसं सुरू झालं.

त्या वर्षी पाऊस झाला. पुढच्या वर्षी मी खरोखरीच माहेरी गेले आणि भोकरला मला मुलगी झाली. तिथं तीन महिने मी आबांसमोर होते. रोज वाटायचं आज सांगावं. ते नातीला मांडीवर घेऊन बसायचे, माझी जीभ उचलायची नाही.

लातूरला मला पोचवायला आबा स्वतः आले. हातात बोचकं, खांद्यावर पिशवी. पहिल्यांदा ते माझ्या घराच्या आत आले. घरात नातवंड होतं, रीत आता आडवी येत नव्हती. मी हौसेनं स्वयंपाक केला. वांग्याची भाजी, घट्ट वरण, त्या वर्षीच्या नव्या ज्वारीची भाकर. तेल पळीच्या पाठीनं नाही, पळी भरून घातलं. आबा पाटावर बसले, भाकर मोडली, अर्धी ताटात ठेवली आणि अर्धी मला परत दिली.

मी म्हटलं, आबा, घ्या ना, अजून तव्यावर आहे. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा आग्रह केला. माझ्या आयुष्यात इतका आग्रह मी कुणाला केला नव्हता. पाहुण्यानं कमी खावं म्हणून दोन वर्षं देव पाण्यात घालून बसलेली बाई मी.

"नको माय," आबा म्हणाले. "पीठ लागतंय तुमाला."

मग खाली मान घालून, घास कालवत, ते बोलले. नांदेडच्या स्टँडवर जावयाच्या गावचा माणूस भेटला, लेक बाळंतपणाला माहेरी आलीय म्हणून त्यानं पेढे मागितले. आबांनी त्याला हो-हो म्हटलं, घरची चिंच बांधली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी धरली. दाराला कुलूप. शेजारीण सांगते, माहेरी गेली.

"मी म्हणलं, काय तरी हाय. बसलो. तवा तू शिंकलीस. तीन डाव. तुझी शिंक मला वळखू येत न्हाई व्हय? मंग ध्येनात आलं. आल्या-गेल्याला वाढायला घरात पीठ नसंल, म्हणून कोंडून घेतलं लेकरानं. हाक मारली असती तर तुला मागनं येऊन मला आत घ्यावं लागलं असतं, रिकामा डबा दिसला असता मला. म्हणून उठलो. दुष्काळ व्हता, तुझी काय चूक."

माझ्या मागं डबा होता. तेव्हाही भरलेला, आताही भरलेला. खरं सांगायची वेळ असेल तर ती हीच होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. माझ्यावर रागावायचं एकही कारण त्यांना सापडलेलं नव्हतं.

"होय आबा," मी म्हटलं. "पीठ नव्हतं."

त्यांनी मान डोलावली. उरलेला घास संपवला, ताटातच हात धुतला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. भोकरहून दळून आणलेलं पीठ होतं.

पुढं आबा होते तोवर दर वर्षी येत राहिले. पाऊस झालेला असो नाहीतर नसो, ह्यांना बढती मिळाली तेव्हा, घर बांधलं तेव्हा, येताना पिशवीत पीठ असायचंच, आणि कितीही वाढलं तरी माझ्या घरी ते अर्धीच भाकर खायचे. आबा येणार असल्याचं पत्र आलं की मी भरलेला पिठाचा डबा शेजारी नेऊन रिकामा करून आणायची. आणलेलं पीठ ओतायला मी झाकण काढलं, की आत त्यांना तळ दिसायला हवा होता.